उलटी चाळण

८ नोव्हेंबर, शुक्रवार

ही डायरी देवगाव फाट्याच्या बन्सीधर शेठनी दिवाळीत दिली. त्यांचं खताबियाण्याचं दुकान आहे, म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी एक अळी छापलेली आहे. डायरी चालू वर्षाचीच आहे. वर्ष संपायला दोन महिने उरल्यावर डायरी वाटायची, हा शेठचा स्वभाव. माझी मुलगी साक्षी म्हणते, प्रयोग करायचा तर नोंद ठेवली पाहिजे. म्हणून लिहायला बसलो.

प्रयोग असा. पिंगळीचा रामहरी आला होता. रानडुकरांनी त्याचा हरभरा नांगरून टाकलाय. म्हणाला, "योगीराज भाऊ, राखन करून करून आमी आता दिसा बी उबेच झोपायलाव. कायतरी यंत्र करा." कुत्र्यासारखी भुंकणारी खोकी बाजारात मिळतात, पण आठ दिवसांत डुकरांना कळतं की हा कुत्रा जागचा हलत नाही. मी म्हणालो, माणसाचा आवाज भरू. थांबून थांबून बोलणारा, दरवेळी वेगळं बोलणारा. सहा खोकी करायचं ठरलं. नाव ठेवलं ‘राखणदार’.

हे साधलंच पाहिजे. पूर्णा स्टेशनसमोर माझं दुकान तीस वर्षं आहे आणि पाटीवर हा एवढा कान रंगवलेला आहे. बिघडलेला सेट दोन मिनिटं ऐकला की कुठला पुर्जा गेला ते मी सांगतो. मीटर नंतर लावतो, तेही गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. लोक मला योगीराज कमी आणि ‘कानवाले’ जास्त म्हणतात. पण आता टीव्ही कोणी दुरुस्त करत नाही, सरळ नवा आणतात. कानाला काम उरलेलं नाही. राखणदार चालला तर नाव पुन्हा निघेल, नाही तर पाटी उतरवलेली बरी.

माझी बायको सविता आजही सकाळपासून भांडी आपटते आहे. कशावर रागावली कोण जाणे. विचारलं तर काहीतरी पुटपुटली. हल्ली आमच्या घरात सगळेच पुटपुटतात.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बोर्ड आले. चिप नखाएवढी. तिच्या पोटात आवाज आकड्यांच्या रूपात असतो, आकड्यांचा पुन्हा आवाज करून ती बाहेर टाकते. सोबतच्या नकाशात चिपच्या पुढं आणि ॲम्प्लिफायरच्या अलीकडं दोन रेझिस्टर, दोन कंडेन्सर दाखवलेत. त्याला फिल्टर म्हटलंय. साक्षीला विचारलं. ती परभणीला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोम्याला आहे, रोज पॅसेंजरनं जाते.

म्हणाली, "पप्पा, आकड्यांतून निघालेला आवाज जिन्यासारखा असतो, पायऱ्या पायऱ्यांचा. त्या पायऱ्यांच्या कडांमुळं मुळात नसलेला लय बारीक आवाज तयार होतो. फिल्टर म्हणजे चाळण. जाड आवाज पुढं जाऊ देती, बारीक अडवती."

मी म्हणालो, बाई, चाळणीतून बारीक खाली जातं आणि जाड वर राहतं. तुझी चाळण उलटी आहे. सविता तिथंच ज्वारीचं पीठ चाळत होती. तिनं मान डोलावली, म्हणजे माझ्याच बाजूनं असणार. काही बोललीसुद्धा, पण तोंडातल्या तोंडात.

मग मी पारख केली. फिल्टर लावून ऐकलं, काढून ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. काडीचा फरक नाही. माझे गुरू करीम उस्ताद, अल्ला त्यांना जन्नत देवो, म्हणायचे, "जो पुर्जा लगायाच नई, वो जलता बी नई." त्यांच्या या एका वाक्यावर मी तीस वर्षं संसार केला. चारी पुर्जे गाळले. एका खोक्यात चार, सहा खोक्यांत चोवीस. उगाच गुंतागुंत.

साक्षीनं कानात बोटं घातली आणि म्हणाली, "फरक हाय, पप्पा. सुई टोचल्यागत व्हायलंय." मी म्हणालो, पुस्तक वाचून कान तयार होत नसतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज पिंगळीला कडूबाईंचा आवाज भरून आणला. कडूबाई म्हणजे रामहरीची आई, सत्तरीच्या पुढची. ती पारावरून ओरडली की स्टेशनावर गाडीत चढणारा माणूस पाय खाली घेतो. हिच्याशिवाय दुसरा आवाज माझ्या डोक्यातच आला नाही.

तिला माईकसमोर बसवलं आणि म्हणालो, आत्याबाई, करा सुरू. ती माईककडं बघत राहिली. म्हणाली, "ह्यानं माजं काय वाईट केलंय रे बाबा? उगं कुनाला बोलायची मला सवय न्हाई." हे ऐकून रामहरीला ठसका लागला. अर्धा तास तसाच गेला. तिनं माईकला पाणी हवं का ते विचारलं.

शेवटी रामहरीनंच वाट काढली. उभा राहून शांतपणे म्हणाला, "आई, यंदा हरबरा मोडून रानात प्लॉट पाडावं मनतो."

चाळीस मिनिटं. मध्ये श्वाससुद्धा नाही. रामहरीच्या जन्मापासून सुरुवात करून त्याच्या सासुरवाडीपर्यंत सगळं आलं. माझ्या अंगावर काटा आला, आणि मी तर नुसता बटण धरून बसलो होतो. त्यात रामहरीचं नाव चौदा वेळा आहे. ते काढत बसलो नाही, डुकरांना कुठं ठाऊक रामहरी कोण.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सहाही खोकी रानात लागली. मोठ्या भोंग्याजवळ मी एकेक छोटा ट्विटरही जोडला, म्हणजे बारीक आवाजाचा भोंगा. जुने दोन डझन पडून होते. आवाजाला धार येते.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा सगळे जमले होते. "आरं ये मुडद्या!" असं निघालं मात्र, रामहरी जागच्या जागी उभा राहून "काय गं आई?" म्हणाला. आवाज अगदी खणखणीत, गाळलेल्या चार पुर्ज्यांवाचून काही अडलं नाही.

त्यांचा हवालदार नावाचा कुत्रा आहे, मोठा गुबगुबीत, भाकरीशिवाय जागचा न हलणारा. तो एकदम उठला, कान पाडले आणि स्टेशनच्या दिशेनं चालता झाला. कडूबाई म्हणाली, "बगा, कुत्र्यालाबी कळतंय मी चिडल्याली." मला वाटतं त्याला हगवण लागली असावी.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

डुकरं पळाली. रामहरीनं सकाळी फोन करून सांगितलं. बांधापर्यंत खुरांच्या खुणा आहेत, आणि तिथूनच त्या माघारी वळल्यात. पाच दिवसांत हरभऱ्याचं एक रोप मोडलं नाही. शेजारचेही खोकं मागायला लागलेत.

कडूबाईंचा तोरा विचारू नये. चावडीवरून जाताना पुरुष उठून उभे राहतात म्हणे. आठवडी बाजारात तिनं वांगी मागितली तर बागवानानं भाव न सांगताच पिशवी भरली.

मला फार बरं वाटलं. वीस वर्षांत असं बरं वाटलं नव्हतं. सविताला सांगायला स्वयंपाकघरात गेलो, तर तिनं पातेलं असं आपटलं की तसाच मागं फिरलो.

३ डिसेंबर, मंगळवार

किरकोळ तक्रारी. हवालदार परत आलाच नाही. तो पिंगळी स्टेशनच्या फलाटावर राहतो, पॅसेंजरवाले त्याला बिस्किटं घालतात. रामहरीची बायको शिवकन्या, वय असेल अठ्ठावीस, म्हणते खोकं चालू असलं की डोकं उठतं, दातात कळ जाते. सासूचा आवाज खोक्यातून बारा तास ऐकायचा म्हटल्यावर कोणाच्याही दातात कळ जाईल. यात यंत्राचा काय दोष? साक्षीही म्हणते, दुकानात खोकं लावत जाऊ नका. ही आजकालची पिढी दिवसभर कानात बोंडं खुपसून बसते, त्यांचे कान गेलेले आहेत. वाईट वाटतं.

आणखी एक निरीक्षण. गिऱ्हाइकं हल्ली दुकानात उगाचच ओरडून बोलतात. मोबाइलमुळं लागलेली सवय.

९ डिसेंबर, सोमवार

भांडी चालूच. आज सकाळी दोनदा, दुपारी एकदा. लग्नाचा वाढदिवस विसरलो का ते पाहिलं. तो मे महिन्यात आहे. तिच्या भावाला काही बोललो का? आठवत नाही. विचारायची हिंमत होत नाही. मी आपला भांडं आपटलं की निमूट उठून आत जातो. जाऊन बघतो तर दरवेळी चहा नाही तर जेवण वाढलेलं असतं. रागातही माझं करते, हे मानलं पाहिजे.

१६ डिसेंबर, सोमवार

बन्सीधर शेठचा फोन. त्यांना पिंगळीचं कळलं. म्हणाले, नऊ जानेवारीला स्वतः येऊन बघतो, पटलं तर चाळीस खोकी माझ्या दुकानात ठेवतो. चाळीस! चाळीस गावांत माझा कान पोचणार. साक्षी म्हणाली, चाळीसांत तरी फिल्टर लावा. मी म्हणालो, चालत्या गाडीला खीळ घालू नये.

३० डिसेंबर, सोमवार

आज येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, रानात पूजा करून जेवायचा सण. रामहरीनं रानात जेवायला बोलावलं होतं. आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं गेलो. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा झाली. मग पालेभाज्या आणि शेंगादाण्यांची पातळ भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडा आणि मडक्यातली गार आंबील. गावातली चाळीसेक माणसं पंगतीला होती. भज्जी कडूबाईंच्या हातची, तिखट म्हणजे काय तिखट.

जेवणं निम्म्यावर आली आणि कडूबाई म्हणाली, "योगीराजा, पाव्हन्यांना ऐकीव की माजं खोकं." लावलं.

काय झालं ते मला अजून नीट समजलेलं नाही. आम्ही पन्नाशीच्या पुढचे सगळे निवांत जेवत होतो. मी, कडूबाई, तिचे दोन दीर, माजी सरपंच. आवाज खणखणीत, ऊन कोवळं, फार छान वाटत होतं. पण तरणी पोरं-पोरी एकेक करून पत्रावळी उचलून उठली. शिवकन्या उठली, साक्षी उठली, सगळे बांधाच्या पलीकडं पार विहिरीजवळ जाऊन बसले. कडेवरची सगळी बाळं एकाच सुरात रडायला लागली. सविता आणि तिच्या वयाच्या बायका मध्येच बसल्या, धड इकडं ना तिकडं, कपाळाला हात लावून.

माजी सरपंच म्हणाले, "आताच्या लेकरांना म्हाताऱ्यांत बसायचं जिवावर येतं." आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. एकत्र बसून जेवायची पद्धत संपत चालली, दुसरं काय.

परतीच्या गाडीत साक्षी पूर्णा येताना म्हणाली, "उद्या दुकानात मला अर्धा तास द्या."

३१ डिसेंबर, मंगळवार

दिला अर्धा तास. दिला नसता तर बरं झालं असतं.

दिवेलागणीला तिनं दुकानात खोकं लावलं आणि समोर मोबाइल धरला. मोबाइलच्या पडद्यावर आवाजाचं चित्र उमटत होतं. डावीकडं कडूबाईंच्या आवाजाचा डोंगर. मग थोडी मोकळी जागा, आणि उजवीकडं दुसरा डोंगर, तस्साच, पण उलट्या तोंडाचा.

"हा दुसरा कोणाचा?" मी विचारलं.

"हाबी कडूआजीचाच. आरशात बघितल्यावर डावं उजवं होतं तसा. आकड्यांतून आवाज काढला की ही उलटी नक्कल आपोआप पडती. फिल्टर असता तर इथंच अडली असती. आपण काढला, मग ती ट्विटरमधून सरळ बाहेर. येळवसीला पोरं कशानं उठली मनता?"

मी म्हणालो, मला ऐकू येत नाही, म्हणजे ती नाही. तीस वर्षं हा कान...

तिनं वाद घातला नाही. दुकानामागच्या घरातून आईला हाक मारली. आम्हा दोघांना स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, एक आवाज लावते, तो बारीक बारीक होत वर चढेल. तिघांनीही हात वर धरायचे, ऐकू यायचं थांबलं की खाली. मला हसू आलं. शिट्टीसारखा आवाज सुरू झाला, चढला, आणि बंद पडला. मी हात खाली घेतला. वाट पाहिली. म्हणालो, "लाव की पुन्हा, बंद का केलास?"

"चालूच हाय, पप्पा."

दोघींचे हात वर होते. दोघीही माझ्याकडं बघत नव्हत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होत्या, त्यात वाचण्यासारखं काही नसताना. बऱ्याच वेळानं सविताचा हात खाली आला. साक्षीचा वरच. मग साक्षीनंच हळूच बंद केलं.

मी शटर ओढलं. वर पाटी होती. तिच्याकडं बघितलं नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

वर्ष उलटलं, म्हणून डायरीच्या सुरुवातीच्या, जानेवारीच्या कोऱ्या पानांवर आलोय. शेठची डायरी अशी दोनदा वापरता येते. वार चुकीचे छापलेत, खोडून लिहितो.

दोन दिवस दुकान उघडलं नाही. तापाचं निमित्त केलं. खरं सांगतो, भीती वाटली. डोळा गेला तर माणूस काठी घेतो, पण ज्याच्या पाटीवरच कान आहे त्यानं काय घ्यावं? आणि किती वर्षं असं चाललंय? या सगळ्या वर्षांत मी ‘ठणठणीत आहे’ म्हणून परत दिलेले सेट कुठं कुठं सुया टोचत बसले असतील?

आज उठलो, गाळलेले चोवीस पुर्जे डब्यातून काढले आणि पिंगळीला जाऊन सहाही खोक्यांना बसवले. कोणाला काही बोललो नाही. ‘सर्व्हिसिंग’ म्हणालो. ऐकून पाहिलं, मला अर्थातच काडीचा फरक जाणवला नाही. पण शिवकन्या घरातून बाहेर येऊन ओट्यावर बसली आणि शेंगा फोडायला लागली, तेव्हा मला कळलं की चाळण चालू झाली.

६ जानेवारी, सोमवार

हवालदार परत आला. फलाटावरच्या बिस्किटांनी आणखी जाड झालाय. आणि त्याच रात्री डुकरंही परत आली.

रामहरीनं फोनवर एवढ्या मोठ्यानं सांगितलं की मला सगळं ऐकू आलं. तीन रात्रींत निम्मा हरभरा खाल्ला. खोकी चालू, कडूबाई खणखणीत बोलतायत, आणि डुकरं खोक्याखाली बसून घाटे खातायत. एक तर म्हणे भोंग्याला अंग घासत होतं.

म्हणजे इतके दिवस डुकरं पळत होती ती त्या उलट्या डोंगराला. माझ्या चुकीला. मी चूक सुधारली आणि हरभरा गेला. नऊ तारखेला बन्सीधर शेठ येणार.

पण सगळ्यांत वाईट हे नाही. रामहरी शेवटी म्हणाला, "भाऊ, आई बोलंना झालीय. परवापासून. म्हनती माजा आवाज उतरला, आता डुकरं बी भेत न्हाईत. चावडीवरून जाती ते बी खाली बगून."

पातेल्याचा आवाज आला. जेवायला गेलो. अर्धी भाकरी तशीच ठेवून उठलो.

७ जानेवारी, मंगळवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

सकाळच्या गाडीनं पिंगळीला गेलो. कडूबाई ओट्यावर बसली होती, हवालदार पायाशी. मला बघून म्हणाली, "ये बाबा." एवढंच, आणि तेही हळू. मला तिचे ओठ हलताना दिसले म्हणून कळलं.

तिला खरं कारण सांगायचं तर आधी माझ्या कानाचं सांगावं लागणार होतं. ते गिळून टाकायला मी गाडीत तीन कारणं शोधून ठेवली होती, दमट हवा, कमी दाबाची वीज आणि डुकरांची नवी जात. तिचं तोंड बघून तिन्ही विसरलो. रामहरी आणि शिवकन्येसमोर म्हणालो, "आत्याबाई, तुमचा आवाज उतरला नाही. माझा कान गेलाय. बारीक आवाज मला ऐकू येत नाही. म्हणून मी पहिल्यांदा खोक्यातली चाळण काढली आणि मला कळलंच नाही की खोकं किंचाळतंय."

कोणी हसेल म्हणून मी थांबलो. रामहरी म्हणाला, "भाऊ, हे तर अख्ख्या पूर्ण्याला ठावं हाय. लोक तुमच्या दुकानात येताना रस्त्यापासूनच वरडत येतात. ते कशानं मनता?"

तो विषय तिथंच संपला. गेले आठ दिवस मी जे उरावर घेऊन फिरत होतो, ते सगळ्या गावानं दोन-तीन वर्षं सांभाळून ठेवलेलं होतं.

पण कडूबाईंचं लक्ष दुसरीकडं होतं. "म्हंजी डुकरं माज्या आवाजाला भ्याली न्हाईत. खोक्याच्या किंचाळन्याला भ्याली."

आता मात्र मी साक्षीचं ऐकलेलं सगळं पणाला लावलं. म्हणालो, "नाही. ते किंचाळणं खोक्याचं नव्हे, तुमचंच. तुमच्या आवाजाची उलटी प्रत. मी डोळ्यांनी पाहिली, मोबाइलवर. दुसऱ्या कोणाचा आवाज भरला असता तर त्याची वेगळी पडली असती. ही तुमचीच, फक्त माणसाच्या कानाच्या वर गेलेली. कुत्र्याला कळते, डुकराला कळते, पोरांना थोडी कळते. आम्हा म्हाताऱ्यांना कळत नाही."

तिनं हवालदारच्या डोक्यावर हात फिरवला.

"मी तर लगीन झाल्यापासून मनायलेय," ती म्हणाली, "माजं निम्मं बोलनं ह्या घरात कुनालाच ऐकू येत न्हाई." मग मान वळवून, पूर्वीच्या आवाजात, "रामहऱ्या! पाव्हन्याला च्या कोन दिल?"

फलाटावर कोणीतरी नक्की मागं वळून पाहिलं असणार.

चहा पिताना मार्ग शिवकन्येनं काढला. म्हणाली, "फिल्टरला बटन बसवा ना दादा. दिसा आमी रानात असताव तवा चालू, रातच्याला कुनी नसतंय तवा बंद." मी तीस वर्षं बटणं बसवतोय आणि हे मला सुचलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

बन्सीधर शेठ आले. वय बासष्ट. मी बटण दाखवलं: इकडं चाळण चालू, इकडं बंद. शेठनी दोन्हीकडं ऐकलं आणि म्हणाले, "योगीराज, दोन्ही सारकंच हाय की. मला येड्यात काढायलाव का?"

मी म्हणालो, "मलाही सारखंच ऐकू येतं, शेठ. माझ्या कानावर जाऊ नका." हे वाक्य या तोंडातून निघेल असं वाटलं नव्हतं. "मीटर लावून दाखवतो."

आणि मी हवालदारला समोर बसवलं.

चाळण चालू: हवालदार भाकरी खातोय. बंद: हवालदार उठला, कान पाडले, स्टेशनच्या वाटेला लागला. चालू: थांबला, मागं बघितलं, परत येऊन भाकरीला लागला. बंद: पुन्हा स्टेशन. चार वेळा केलं. पाचव्यांदा तो बटणाकडं बघूनच निघाला.

शेठनी टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाले चाळीस घेतो, पण प्रत्येक गावात असा कुत्रा कुठून आणायचा? कडूबाई म्हणाली, "कुत्रं तुमचं बगा. आवाज माजाच पायजे." रामहरीनं फक्त विचारलं की चाळीस गावांत त्याचं नाव चौदा वेळा जाणार का. मी म्हणालो, ते आता काढता येत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

आज संक्रांत. साक्षी सकाळी मला परभणीला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर मोठी बोंडं. डॉक्टर बाई तरुण आहेत, त्यांनी कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडं सपाट चाललेली, मग एकदम कड्यावरून खाली. मी म्हणालो, हे तर फिल्टरचं चित्र आहे. जाड पुढं जाऊ देतं, बारीक अडवतं. डॉक्टर बाई साक्षीकडं बघून हसल्या. तीस वर्षं भोंग्यांशेजारी बसल्याचं फळ म्हणे. म्हणजे उलटी चाळण मी गाळली नव्हतीच, ती माझ्यातच बसलेली होती. बारीक बोलणारी माणसं सगळी अडकली.

मशीन सांगितलंय. पंधरा दिवसांनी मिळेल. पाटीवरचा कान राहू द्यावा असं साक्षी म्हणते. फक्त त्याला मशीन रंगवून घ्यावं.

घरी आल्यावर सवितानं तिळगूळ दिला. मी तिच्यासमोर पाट ओढून बसलो, तोंड दिसेल असा, आणि शेवटी विचारलंच, "तू दोन-तीन वर्षं माझ्यावर कशानं रागावली आहेस?"

"मी?" ती म्हणाली. या वेळी शब्द न् शब्द कळला.

"भांडी आपटतेस ना."

मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकदम. म्हणाली, "आव, आधी हाकच मारायचे मी. दहा दहा हाका. तुमी यायचे न्हाई. मंग एक दिवस पातेलं हातातून पडलं आन् तुमी पळत आले. तवापासून मी हाक मारायचं सोडून दिलं."

मला फार वाईट वाटलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिच्यासमोर पुसलं. या बाईनं तीन वर्षं दोन वेळचं पातेलं आपटलं आणि चारचौघांत एकदाही म्हणाली नाही की याला ऐकू येत नाही. आणि मी इथं, अळ्यांच्या डोक्यावर, तिचा राग लिहीत बसलो होतो.

१७ जानेवारी, शुक्रवार

बारा खोकी तयार, सगळ्यांत फिल्टर, सगळ्यांना बटण. प्रत्येक खोकं साक्षी ऐकते, मगच बंद करतो.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला दुकानातून उठलो आणि मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेलो. भांडं आपटलेलं नव्हतं. सविता म्हणाली, चहाला अजून अर्धा तास आहे, दूध यायचंय.

मी पाट ओढला आणि तिथंच बसलो.